फॅमिलीसर्चचा फुल-टेक्स्ट सर्च: व्याह्यांचं घराणं शोधायला वापरला, त्याचा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या जुन्या घराण्याचा माग काढायचाय? मग फॅमिलीसर्च. जुने कागद आणि वंशावळी शोधायची ही वेबसाइट, आणि त्यातही तो सगळ्यांनी मिळून बनवलेला मोठा वंशवृक्ष नाही, फुल-टेक्स्ट सर्च, म्हणजे स्कॅन केलेल्या कागदांतला कुठलाही शब्द शोधायची सोय. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कशाला कापला ते पुढे येईल. खर्च शून्य रुपये, शून्य डॉलर, ईमेल देऊन अकाउंट उघडलं की झालं. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथे थांबले तरी चालेल, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही.

आता मी साताऱ्याची बाई, मला कशाला हव्यात गोऱ्यांच्या वंशावळी, तर मुलगा ओहायोत असतो, क्लीव्हलँडच्या पूर्वेला, सून तिथलीच, आणि आम्ही दोघं गेलो की सहा महिने राहतो. मुलगा-सून कामावर, नातू डेकेअरला, आमचे हे यूट्यूबवर नाट्यसंगीत लावून डोळे मिटून बसणार, आणि मी भूमी अभिलेखमधून रिटायर झालेली, हाताला कागद लागला नाही तर चैन पडत नाही अशी. व्याह्यांच्या तळघरात त्यांच्या आजीनं जमवलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. पेपरातली कात्रणं, फॅमिली बायबलचं एक फाटकं पान, आणि हातानं काढलेला एक तक्ता, ज्याच्या अगदी वर लिहिलेलं की तीन भाऊ बोटीनं आले. व्याही म्हणाले, तुम्ही आयुष्यभर जमिनीचे कागद बघितलेत ना, मग हे बघा की जरा. विहीणबाईंचं म्हणणं घराणं मेफ्लॉवरचंच आहे, म्हणजे इंग्लंडहून अगदी सुरुवातीला आलेल्या वसाहतवाल्यांच्या जहाजावरचं, आजी तसं सांगायची.

इथे आधी एक सांगते. "तीन भाऊ बोटीनं आले" हे अमेरिकेत निम्म्या जुन्या घरांत सांगतात. एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला गेला, एकाचा पत्ताच लागला नाही. आडनाव सारखं दिसलं की नातं जोडून टाकायची ती सोय आहे, बाकी काही नाही. मेफ्लॉवरचंही तसंच. 1620 साली त्या जहाजावर 102 प्रवासी होते, त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. नंतर 1630 ते 1640 च्या दरम्यान मात्र न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याला, वीसेक हजार माणसं आली, ती बहुतेक आख्खी कुटुंबंच्या कुटुंबं, धर्मावरून इंग्लंडमध्ये जाच होत होता म्हणून आणि काही चांगल्या जमिनीसाठी. म्हणजे घर जुनं असेल तर बहुधा ह्या लाटेतलं. विहीणबाईंना हे पटलं नाही, पण बायकांचं मन मोडायची मला घाई नव्हती, म्हटलं कागद बोलतील.

सुरुवात मुलानं करून दिली ती एका पैसेवाल्या साइटवर. नाव घेत नाही. ट्रायल फुकट, कार्ड नंबर आधी, आणि ट्रायल संपल्याचा मेल यायच्या आत पैसे कापलेले. ते जाऊ दे. पण त्या साइटवर हिरवी पानं हलावीत तशी सूचना येत राहतात की हा तुमचा पूर्वज असू शकतो, क्लिक करा, आणि माणूस करत जातो. दोन संध्याकाळी करत बसल्यावर व्याह्यांची वंशावळ पार एका इंग्लिश राजापर्यंत पोचली. मग मी नेहमीच्या सवयीनं तारखा तपासायला घेतल्या तर एका बाईला मुलगा झाला तेव्हा ती सहा वर्षांची, आणि एक गृहस्थ मेल्यावर चार वर्षांनी जमीन विकतायत. कारण तिथलं बरंचसं कुणीतरी कुणाचं बघून उतरवलेलं, आणि त्यानं आणखी कुणाचं. हा धंदा आजचा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी गुस्ताव्ह अँजू नावाचा एक गृहस्थ पैसेवाल्या अमेरिकन लोकांना फर्मास वंशावळी बनवून विकायचा, राजघराण्याला जोडून, मधली दोनचार नावं स्वतः घालून, आणि त्याची ती बनावट नावं अजूनही लोकांच्या झाडांवर लटकलेली सापडतात. म्हणून म्हणते, झाड बघू नका, कागद बघा.

मग फॅमिलीसर्च. ही साइट मॉर्मन चर्चची. त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांसाठी धार्मिक विधी करतात, त्यामुळे पूर्वज कोण हे शोधणं हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे. त्यांची वंशावळ संस्था 1894 मध्ये निघाली, 1938 पासून ते जगभर फिरून कोर्टातले, चर्चमधले, गावातले कागद मायक्रोफिल्मवर घेतायत, फिल्मच्या मूळ प्रती युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ एका ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पोटात ठेवल्यात, आणि सगळ्या फिल्म स्कॅन करायचं काम 2021 मध्ये पुरं झालं. आपल्याकडच्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या सुद्धा त्यांनी घेतल्यात, हे वाचून मी उडालेच. अकाउंट काढलं म्हणून कुणी धर्मप्रचाराचा फोन केला नाही, आमच्या ह्यांना ती एक भीती होती.

पण आत्तापर्यंत अडचण अशी होती की कागद स्कॅन असले तरी त्यांची सूची नव्हती. असली तरी विकणारा कोण, घेणारा कोण, मयत कोण, एवढंच. साक्षीदार, शेजारी, जावई, गहाण ठेवणारा भाऊ, हे सगळे आत दडलेले. मग पानं उलटत बसायचं, काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, एकेक वही पाचपाचशे पानांची. 2024 मध्ये त्यांनी फुल-टेक्स्ट सर्च आणला. म्हणजे काय तर कॉम्प्युटरनं ते जुनं हस्ताक्षर स्वतः वाचून काढलंय आणि आता तुम्ही कुठलंही नाव टाका, ते कागदात कुठेही असेल तरी येतं, डावीकडे मूळ पान, बाजूला टाइप केलेला मजकूर, आणि तुमचं नाव पिवळं केलेलं. सुरुवातच त्यांनी अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि मृत्युपत्रांच्या कागदांपासून केली. मला तर माझं ऑफिसच परत मिळाल्यासारखं झालं.

कुठलंही नवं यंत्र आलं की आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे अशा ठिकाणी लावून बघायचं, मोजणीचं यंत्र आम्ही आधी पक्क्या हद्दीच्या दगडावरच लावायचो. इथे पक्का दगड म्हणजे जेम्स गारफील्ड. अमेरिकेचा विसावा प्रेसिडेंट, 1881 मध्ये गोळी घालून मारला तो. त्याचं मेंटर गावातलं घर मुलाच्या घरापासून जवळ, तिथे म्युझियम आहे, आम्ही बघून आलो होतो, आणि त्याच्या घराण्याचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मूळपुरुष एडवर्ड गारफील्ड 1630 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला. नंतरच्या पिढ्या त्याच भागात. क्रांतीनंतर, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, सॉलोमन गारफील्ड उठून न्यूयॉर्क राज्यात वूस्टर गावी गेला, ऑट्सिगो काउंटीत. त्याचा नातू अब्राम तिथे जन्मला आणि पुढे ओहायोत आला. का आला तर लहानपणीची आवडती मुलगी मेहिटेबल बलू तिकडे होती, पण हा पोचेपर्यंत तिचं लग्न झालेलं, मग ह्यानं तिच्या बहिणीशी, एलायझाशी लग्न केलं. 1831 मध्ये जेम्स झाला, आणि तो दोन वर्षांचा व्हायच्या आत अब्राम गेला. बघा, इतिहासाच्या पुस्तकात लिहितात लोक स्वस्त जमिनीसाठी पश्चिमेला गेले, ते खरंच आहे, पण एकेकाच्या गाडीत असंही काही असतं.

तर गारफील्ड टाकलं. पहिला धडा स्पेलिंगचा. 1600 च्या शतकातल्या कागदांत तो गेअरफील्ड पण आहे, आणि शेवटच्या अक्षरांची उलटापालट तर विचारू नका. त्या काळी स्पेलिंग हा प्रकार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होता, एकाच मृत्युपत्रात मयताचं आडनाव दोन तऱ्हेनं. त्यामुळे मधल्या अक्षरांच्या जागी चांदणीची खूण टाकून शोधायचं, ती सोय आहे. एखादा शब्द कागदात असलाच पाहिजे असं असेल तर त्याच्या आधी अधिकचं चिन्ह. अख्खं नाव जसंच्या तसं हवं तर अवतरणात. मग गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, राज्य, काउंटी, साल. वॉटरटाउनची मिडलसेक्स काउंटी लावली की गारफील्ड मंडळी रांगेनं येतात, स्वतःच्या खतात कमी आणि शेजाऱ्यांच्या खतात जास्त, "उत्तरेस गारफील्डची जमीन" असं. चतुःसीमा! हे वाचून माझा जीव भरून आला, पस्तीस वर्षं हेच वाचत आले मी. उत्तरेस कोण, दक्षिणेस कोण. माणूस स्वतः कुठे कागद करत नसला तरी शेजाऱ्याच्या चतुःसीमेत सापडतोच.

मोजमापाचं तर आणखीच. तिकडच्या जुन्या खतात सगळं रॉडमध्ये, पांढऱ्या ओकच्या झाडापासून चाळीस रॉड पूर्वेस दगडांच्या ढिगापर्यंत, वगैरे. एक रॉड साडेसोळा फूट. आता आपली जुनी मोजणीची साखळी 33 फुटांची, सोळा आणे, आणि 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा. म्हणजे दोन रॉड बरोबर आपली एक साखळी, आणि एका गुंठ्यात बरोबर चार चौरस रॉड. इंग्रजानं दोन्हीकडे एकच एकर नेला ना. व्याही कॅल्क्युलेटर शोधत होते तोवर मी कागदावर सांगून मोकळी झाले की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना वाटणीत सव्वातीन एकर आलेत. त्या दिवसापासून घरात माझा भाव वाढला.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याच ट्युटोरियलमध्ये धड सांगत नाहीत. कागद कुठल्या पातळीवर ठेवलेत हे राज्यागणिक वेगळं. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, ओहायो इथे जमिनीची खतं काउंटीत. कनेक्टिकट, र्‍होड आयलंड, व्हरमाँट इथे गावात, टाउन क्लार्ककडे. मृत्युपत्रांचं कनेक्टिकटात आणि व्हरमाँटमध्ये वेगळंच, त्यांचे प्रोबेट डिस्ट्रिक्ट, म्हणजे मृत्युपत्रं बघणाऱ्या कोर्टांचे विभाग. हे माहीत नसेल तर माणूस काउंटीची गाळणी लावतो, काही येत नाही, आणि म्हणतो साइट बेकार आहे.

व्याह्यांचं घराणं नेमकं अशाच ठिकाणी अडकलेलं. आजीच्या तक्त्यात एक पिढी वुडस्टॉक, कनेक्टिकट इथली, पण 1740 च्या आसपास त्यांचा एकही कागद कनेक्टिकटात नाही. आजीनं तिथे प्रश्नचिन्ह काढून सोडून दिलेलं. झालं होतं असं की वुडस्टॉक वसवलं रॉक्सबरीच्या लोकांनी, रॉक्सबरी म्हणजे बोस्टनला चिकटून असलेलं गाव, 1686 मध्ये, आणि नावही आधी न्यू रॉक्सबरीच होतं, 1690 ला वुडस्टॉक झालं. ते गाव तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये धरलं जायचं. 1749 मध्ये गाव कनेक्टिकटला जाऊन मिळालं. माणसं जागेवर, शेतं जागेवर, राज्य बदललं. बेळगाववाल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे 1731 च्या आधीचे कागद सफोक काउंटीत, बोस्टनला, 1731 ते 1749 चे वूस्टर काउंटीत, आणि पुढचे कनेक्टिकटात वुडस्टॉकच्या गावदप्तरात. फुल-टेक्स्ट सर्चमध्ये काउंटीची गाळणी काढून नुसतं आडनाव आणि वुडस्टॉक टाकलं, आणि मधल्या पिढीचं वाटणीपत्र वूस्टरच्या दप्तरातून वर आलं. आजीच्या प्रश्नचिन्हावर व्याह्यांनी स्वतःच्या हातानं रेघ मारली.

पुढचा सापळा व्हरमाँट. कनेक्टिकटात वुडस्टॉक आणि पॉम्फ्रेट ही शेजारशेजारची गावं. व्हरमाँटमध्येही वुडस्टॉक आणि पॉम्फ्रेट शेजारशेजारची गावं. लोक गेले तर गावाची नावं पण उचलून घेऊन गेले. फ्रेंचांशी युद्ध संपल्यावर 1760 नंतर कनेक्टिकटची पोरं व्हरमाँटकडे निघाली, कारण चार पिढ्यांत वाटण्या होऊन होऊन इथे एकेकाला तुकडे उरलेले. झाडांवाल्या साइटवर ह्या दोन वुडस्टॉकचा जो गोंधळ घातलाय तो बघवत नाही, एकाच माणसाला दोन्हीकडे एकाच वर्षी मुलं झालेली दाखवलीत.

आणि मग सापडलं ते हक्कसोडपत्र. एवढ्यासाठी मी ह्या साइटला साष्टांग नमस्कार घालीन. 1826 सालचं, व्हरमाँटच्या गावदप्तरात नोंदलेलं. बाप वारलेला, मोठा मुलगा शेतावर राहिलेला, आणि बाकी सगळे आपापला हिस्सा त्याच्या नावे सोडतायत. प्रत्येकाच्या नावापुढे सध्या राहणार कुठे ते लिहिलंय. दोघी मुली तिथेच शेजारच्या गावात. एक मुलगा न्यूयॉर्क राज्यात जेनेसी काउंटीत. दोन मुलगे आणि धाकटी मुलगी ओहायोत, जिऑगा काउंटीत, आणि प्रत्येक मुलीच्या पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. आजीच्या तक्त्यात ह्या पिढीतली एकच मुलगी होती, ती पण नुसत्या पाळण्यातल्या नावानं. ओहायोवाल्यांच्या सह्यांखाली तिथल्या जस्टिसनं, म्हणजे स्थानिक न्यायाधिकाऱ्यानं, लिहिलंय की बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारलं, तिनं राजीखुशीनं सही केली. सही म्हणजे काय, एक फुली आणि तिच्या दोन बाजूंना नाव. मुलांनी सह्या केल्यात, मुलीनं फुली. एका पानावर अख्खं घर कुठे कुठे पांगलं त्याचा नकाशा, आणि हे पान कुठल्याही जुन्या सूचीत ओहायोवाल्यांच्या नावानं सापडलं नसतं, कारण सूचीत फक्त पहिल्या माणसाचं नाव "आणि इतर". इतर! आपल्याकडे फेरफाराच्या नोंदीत सुद्धा बहिणी अशाच इतरांत जातात.

ओहायोला का गेले ह्याचा अंदाजही लागला. तारखा बघितल्या तर ओहायोवाल्यांनी व्हरमाँटमधलं आपलं विकलंय 1817 मध्ये. 1815 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वर जाऊन बसली आणि 1816 ला न्यू इंग्लंडमध्ये उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडला, मका गेला, चारा गेला. त्यानंतर व्हरमाँटमधून माणसांची रीघ लागली पश्चिमेकडे. आणि जिऑगा काउंटी ज्या पट्ट्यात येते तो ईशान्य ओहायोचा भाग मुळात कनेक्टिकटच्या मालकीचा, वेस्टर्न रिझर्व्ह म्हणतात त्याला. 1795 मध्ये कनेक्टिकटनं तो बारा लाख डॉलरला एका कंपनीला विकला, 1796 मध्ये कंपनीचा मोझेस क्लीव्हलँड मोजणीदार घेऊन आला, पाच मैल बाय पाच मैलांचे चौकोन पाडले, आणि त्याच्या नावानं शहर बसलं. त्यामुळे इथे येणारा व्हरमाँटवाला म्हणजे परक्या मुलखात येत नव्हता, आजोबांच्या गावच्या लोकांत येत होता.

तारखांबद्दल थोडं. 1752 पर्यंत इंग्रजांच्या मुलखात नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या बऱ्याचशा तारखांना दोन सालं लिहितात, 1689/90 असं. ते न कळता लोक एक साल उचलतात आणि मग मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मतं. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेक असंही समजू नका, एकाच गावात एका नावाचे दोघे असले की मोठा सीनियर, धाकटा ज्युनियर, नातं असो नसो, आणि मोठा मेला की ज्युनियरचा सीनियर होतो. सासू म्हणून लिहिलेली बाई बऱ्याचदा सावत्र आई असते. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. नावं मात्र झकास. इन्क्रीज नावाचे मुलगे, थँकफुल, होपस्टिल आणि सायलेन्स नावाच्या मुली. सूनबाईला मी सुचवलं, पुढच्या खेपेला सायलेन्स ठेवा, घरात बरं पडेल.

जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. पहिली 1790 ची, आणि 1840 पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकी माणसं नुसते आकडे. सगळ्यांची नावं 1850 पासून, तीही फक्त स्वतंत्र माणसांची. इथे एक गोष्ट आहे जी व्याह्यांना जड गेली पण मी लिहिणार. वुडस्टॉकच्या आसपासच्याच एका घरच्या, म्हणजे त्यांच्या आईकडच्या बाजूच्या, मालमत्तेच्या यादीत गाय, नांगर, कथलाची भांडी ह्यांच्या मधोमध एका काळ्या माणसाचं नाव आहे आणि पुढे किंमत. गुलामी दक्षिणेतच होती असं घरात सगळ्यांना वाटायचं. तसं नव्हतं, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट सगळीकडे होती. फुल-टेक्स्ट सर्चचा सगळ्यात मोठा उपयोग खरं तर काळ्या अमेरिकन कुटुंबांनाच आहे, कारण 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या जनगणनेत बहुतेक ठिकाणी त्यांची नावंच नाहीत, वय, लिंग, रंग एवढंच, आणि नाव कुठे सापडलंच तर अशा यादीत, मृत्युपत्रात, खरेदीखतात, मालकाच्या नावाखाली. आधी तिथवर पोचायला वाटच नव्हती.

आता एक विषयांतर, मला राहवत नाही. एलायझा बलू, गारफील्डची आई, 1801 मध्ये जन्मली न्यू हॅम्पशायरमधल्या रिचमंडला, चेशायर काउंटीत. त्याच काउंटीत मार्लबरो म्हणून गाव आहे, तिथे 1795 मध्ये सिंथिया फरार जन्मल्या. ह्याच आपल्या नगरच्या मिस फरार, 1827 मध्ये मुंबईला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला गेल्या, जोतिरावांनी ज्यांच्या शाळा पाहिल्या त्या. एका काउंटीतली एक मुलगी ओहायोच्या जंगलात गेली, एक अहमदनगरला. मुलानं विचारलं ह्याचा आपल्या शोधाशी काय संबंध. नाहीये संबंध. पण साताऱ्याच्या बाईला ओहायोत बसून नगर दिसलं की ती थांबणारच.

फक्त ह्या एका साइटवर भागेल का? नाही. पहिल्या, 1620 ते 1640 च्या लोकांसाठी बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जेनिऑलॉजिकल सोसायटीची अमेरिकन अँसेस्टर्स साइट लागतेच. संस्था 1845 ची, 1847 पासून त्यांचं नियतकालिक निघतंय, आणि त्यांच्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पात एकेका आलेल्या माणसाचे सगळे अस्सल कागद तपासून लिहिलंय की हे सिद्ध, हे नाही, हे कुणीतरी ठोकून दिलेलं. वर्षाची वर्गणी शंभर डॉलरच्या आसपास, पण बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत फुकट बघता येतं, आधी तिथे विचारा. आमचा मूळपुरुष तिथे मिळाला, रॉक्सबरी, 1630 चं दशक, भावांचा उल्लेख नाही, एकटा आलेला, बायको आणि दोन मुलं घेऊन. मेफ्लॉवर गेलं. विहीणबाईंनी ते शांतपणे घेतलं आणि लगेच विचारलं, मग आईच्या बाजूनं?

दुसरं, क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली. 1832 च्या कायद्यानं आणखी कितीतरी म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळायला लागली, 1836 पासून विधवांनाही, आणि लग्न झालं होतं हे दाखवायला बायका घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांचं पान फाडून अर्जाला जोडायच्या. ती पानं अजून फायलीत आहेत. सैनिकाला स्वतः सांगावं लागे की जन्म कुठे, भरती कुठे झालो, नंतर कुठे कुठे राहिलो. म्हणजे स्थलांतराची आख्खी हकिकत शपथेवर. नॅशनल आर्काइव्हजच्या कॅटलॉगवर फुकट बघता येतात. तिसरं, ओहायोचं काम असेल तर क्लीव्हलँडला वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीची लायब्ररी, 1867 सालची संस्था, तिथे तासन्‌तास बसून बघण्यासारखं आहे, फक्त आत थंडी वाजते, स्वेटर न्या.

अर्धा स्टार कापला त्याची कारणं. सगळे कागद अजून आलेले नाहीत, एका काउंटीचं आहे आणि शेजारच्या काउंटीचं नाही असं होतं, त्यामुळे काही आलं नाही म्हणजे नाहीच असं धरू नका, जुन्या पद्धतीनं कॅटलॉगमधून वही उघडून पानं उलटायची तयारी ठेवा. काही पानं करारांमुळे घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरवर किंवा त्यांच्याशी जोडलेल्या लायब्ररीत जावं लागतं, पण ते सेंटरही फुकट. कॉम्प्युटरनं केलेलं वाचन हे वाचनच, पुरावा नव्हे. जुना लांब एस एफसारखा दिसतो, जॉन आणि थॉमस तीनचार अक्षरांत आखडून लिहिलेले असतात, तेव्हा बाजूचा मजकूर वाचून खूश न होता मूळ पान डोळ्यांनी वाचायचंच. मोडी वाचणाऱ्यांना हे जड जाणार नाही, पहिले चार दिवस त्रास होतो, मग त्या लिहिणाऱ्याची लकब कळते. आणि तो सामायिक वंशवृक्ष कुणीही बदलू शकतं, ही त्याची रचनाच आहे, म्हणून आपलं जे सिद्ध झालंय ते तिथे टाकलंत तरी कागदाची लिंक आणि कारण लिहूनच टाका, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

घ्यावं का? ज्यांची मुलं तिकडे आहेत, सुना-जावई तिकडचे आहेत, आणि सहा महिने वेळ खायला उठतो, त्यांनी नक्की. इंग्रजी बोलायला अडखळलात तरी चालतं, कागद वाचायला बोलावं लागत नाही. ज्यांना एका रविवारी राजघराण्यापर्यंत पोचायचंय त्यांनी पैसेवाल्या साइटवर जावं. मोबाइलवरून करू नका, मोठा स्क्रीन घ्या, मिळालेलं पान लगेच डाउनलोड करा आणि फाइलच्या नावात गाव, वही नंबर, पान नंबर घाला. नंतर करू म्हणाल तर परत सापडणार नाही. आम्ही सध्या विहीणबाईंच्या आईची बाजू धरलीय, प्लिमथचं, म्हणजे मेफ्लॉवरवाले जिथे वसले तिथलं, एक आडनाव 1700 च्या सुमारास दिसतंय खरं, पण मृत्युपत्र वाचून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.